पवनाईचं विरजण

माणसानं रागवावं, पण रागवायलाही काही रीत असते. दोन शब्द ऐकवावेत, दोन दिवस तोंड फिरवून बसावं आणि तिसऱ्या दिवशी चहाचं निमित्त काढून बोलायला लागावं. शालन वीरकरांच्या नणंदेनं, द्वारकेनं, ही रीत काही पाळली नाही. दोन हजार आठ साली ती भरल्या ताटावरून उठली, आंबिलीचं मडकं कमरेवर घेऊन खडकाईच्या डोंगरावर जाऊन बसली, आणि आता दोन हजार एकेचाळीस उजाडलं तरी जेवायला परत आली नव्हती.

घरी आली नाही ते एक वेळ सोडा. ती कुठंच जेवली नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही म्हणे. अंगाला पांढऱ्या मातीचा लेप लावून देवळासमोरच्या कातळावर उन्हात बसून राहते. लोकांनी तिचं नाव ठेवलं पवनाई, म्हणजे वारा खाऊन राहणारी.

"वारा कसला खाते," शालनबाई म्हणायच्या, "मला खातेय!"

कारण त्या दिवशी त्या एक वाक्य बोलून गेल्या होत्या. द्वारका तेव्हा एकतीस वर्षांची, नवरा जाऊन माहेरी आलेली. दुपारच्या पंगतीला तिनं आणखी भाकरी मागितली आणि शालनबाईंच्या तोंडून निघालं, "वन्सं, चौथी झाली. पोट आहे का कणगी?" एवढंच. ह्याहून वाईट त्या रोज कोणाला ना कोणाला बोलत असत आणि ती माणसं जिवंत होती, धडधाकट होती, दोन्ही वेळ जेवत होती.

बरं, शालनबाईंचा धंदा खानावळीचा. कुरणवाडीच्या फाट्यावर, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. शाळा चौथीपर्यंत, पण तीनशे माणसांचं पिठलं मीठ न चाखता उतरवायच्या. पवनाईचं दर्शन घेऊन उतरलेली माणसं भुकेनं कासावीस होऊन त्यांच्याकडेच यायची, आणि घास तोंडात असताना विचारायची, "मावशी, तुम्ही पवनाईच्या भावजय ना? केवढी पुण्याई!"

"आमटी वाढू का?" शालनबाई विचारायच्या, आणि ती अशी आदळायच्या की पुण्याईचा विषय तिथंच संपायचा.

तेहतीस वर्षांत त्या चारदाच डोंगर चढल्या. शेवटच्या खेपेला जवळ जाऊन त्यांनी नाकानं तपास केला, तर द्वारकेच्या अंगाला आंबिलीचा आंबूस वास! झालं. "गुपचूप आंबील पिते. मी खानावळवाली आहे, मला वास कळत नाही?" असं त्यांनी गावभर सांगितलं. आंबीलसुद्धा त्यांच्याच मडक्यातली.

*

पुण्याहून डॉक्टर समिधा टिळेकर आल्या तेव्हा शालनबाईंनी त्यांना आधी पाटावर बसवलं.

"मी जेवून आलेय, मावशी. म्हणजे पावडर घेतलीय. पाण्यात घालून."

"पावडर अंगाला लावतात. जेवा आधी. उपाशी माणसाशी मी बोलत नाही. घराण्यात एक आहे तेवढी पुरे."

डॉक्टरीणबाई पस्तिशीतली, सडसडीत, मनगटावर फोनची पट्टी. भाकरी मोडता मोडता तिनं आपलं काम सांगितलं. न खाता-पिता जगण्याचा दावा करणारी माणसं पूर्वीही तपासली गेली होती, पण दर वेळी कुठंतरी फट राहायची. कोणी आंघोळ करायचं, कोणाला भक्त भेटायचे. आता मात्र तिच्या संस्थेनं काचघर बांधलं होतं. चारी बाजूंनी आणि वरून काच, आत पवनाईचं आसन. आसनाखाली काटा असा, की माशी बसली तरी आकडा हलतो. आत जाणारी हवा मोजून, बाहेर येणारी मोजून, हवेतली वाफसुद्धा मोजून, रोजचा मातीचा लेपही मोजून. एकवीस दिवस.

"हे बघा, मावशी. नुसतं पडून राहणाऱ्या बाईलासुद्धा दिवसाला बाराशे कॅलरी लागतात. हृदय चालवायला, अंग गरम ठेवायला. साधारण सहा-सात भाकरी. एवढं इंधन कुठून तरी यायलाच हवं. निसर्गात फुकट काही चालत नाही. खाल्लं नाही तर शरीर स्वतःला जाळतं, आणि मग वजन उतरतं. काटा खोटं बोलत नाही."

हे शालनबाईंना एकदम पटलं. काट्यावर त्यांचा माणसांपेक्षा जास्त विश्वास.

"तिची संमती मिळालीय," डॉक्टर म्हणाली. "एक शब्द बोलायला तिला अर्धा तास लागला, पण 'हो' म्हणाली. रक्ताचं कोणी उरलेलं नाही, तेव्हा जवळचं नातं तुमचंच. तुमची सही हवी. आणि हा दुसरा कागद राहू दे तुमच्याकडे. तिनं लिहून दिलंय की मरायला टेकले तरी सलाईन लावायचं नाही. तुम्ही ह्यावर सही केलीत, तरच आम्हाला ते डावलता येईल."

शालनबाईंनी पहिल्या कागदावर तीन अक्षरं कोरून काढली. "घ्या. उघडं पडू दे एकदाचं." दुसरा कागद त्यांनी घडी करून पोलक्यात खोचला.

*

नवव्या दिवशी डॉक्टरनं माणूस पाठवलं. शालनबाई विजयी मुद्रेनं डोंगर चढल्या. गुडघे कुरकुरत होते, पण चोर पकडल्याचा आनंद पायांत होता.

वर पोचल्यावर त्यांना दिसली ती डॉक्टर. केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले.

"किती उतरलं वजन?" शालनबाईंनी विचारलं.

"नाही उतरलं."

"म्हणजे?"

"नऊ दिवसांत चहाचा चमचाभर. तेसुद्धा पहाटेची दमट हवा आत सोडली की परत भरून येतं. मी काटा तीनदा बदलला, मावशी. तिसऱ्यांदा मी स्वतः त्याच्यावर बसून बघितलं."

शालनबाई काचेपाशी गेल्या. सूर्य समोरच्या डोंगरावर नुकता वर आला होता. द्वारका मांडी घालून बसली होती, तळवे उताणे, डोळे अर्धे मिटलेले. मातीचा थर पातळ होता आणि त्याखालची कातडी सावळी. ऊन तिच्या पायांवर आलं. आणि शालनबाईंच्या डोळ्यांदेखत त्या कातडीचा रंग पालटू लागला. जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर चढतो तसा रंग घोट्यांवरून पोटऱ्यांवर, पोटऱ्यांवरून मांड्यांवर, हळूहळू, उन्हाच्या मागोमाग वर चढत गेला. पोटावर आला. गळ्यावर आला. मग सगळी बाई सकाळच्या उन्हात वांग्यासारखी तुकतुकीत झाली. काचघरात आवाज नव्हता. बाहेरचे पक्षीही त्या वेळी गप्प होते, किंवा शालनबाईंना ऐकू येत नव्हते.

"रोज असंच होतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाली. "ऊन पडलं की होतं. ही बाई उन्हाचं काहीतरी करते. काय करते ते मला कळत नाही. आणि हे बघा."

पडद्यावर एक रेघ सरळ चालली होती. शालनबाई बघत राहिल्या. रेघ चाललीच होती. मग एक उंचवटा आला.

"हा ठोका. मिनिटाला नऊ. तुमचे-माझे बहात्तर. अस्वलं हिवाळ्यात झोपतात तेव्हा असंच होतं, शरीर निखाऱ्यावर राख घालून घेतं. बाराशे कॅलरी लागायच्या, तिथं तिला सत्तर लागतात. पण त्या सत्तर तरी येतात कुठून? आणि झोपेत नाही ती. जागी आहे." डॉक्टरनं वही उघडली. "मी हिशोब केला, मावशी. ह्या तेहतीस वर्षांत तिच्या हृदयानं जेवढे ठोके दिले, तेवढे तुमच्या हृदयानं चार वर्षांत दिले असतील."

शालनबाईंनी स्वतःचं मनगट धरलं. तिथं सगळी धावपळ चालली होती. मग त्यांनी द्वारकेच्या केसांकडे पाहिलं. काळे. चौसष्ट वर्षांच्या बाईचे, कानशिलापासून शेंड्यापर्यंत काळे. गालाला सुरकुती नाही. ताटावरून उठताना होती तशीच. शालनबाई मात्र बहात्तराव्या वर्षी काठी टेकत उभ्या होत्या.

"खाली पंगत खोळंबलीय," त्या म्हणाल्या.  आणि त्या घाईघाईनं खाली उतरल्या.

*

चौदाव्या दिवशी सकाळी डॉक्टर स्वतः धावत खाली आली.

"तो कागद, मावशी. तुमची सही लागणार आता."

"काय झालं?"

"ती जागी होतेय. म्हणजे आपल्यासारखी. परवा ठोके वीस होते, काल चाळीस, आज सत्तर. अंग गरम झालंय. वजन धडाधड उतरतंय. शरीरानं राख झटकलीय आणि आत इंधन नाही, पाणी नाही. उद्या संध्याकाळच्या पुढं नाही जाणार."

डोंगरावर माणूस मावत नव्हतं. देवळाचा म्हातारा गुरव, भिकू, काचघराच्या दारात आडवा उभा होता. पवनाईचे स्वतःचे हात उठेनासे झाल्यापासून सव्वीस वर्षं रोज तिला लेप लावणारा हाच.

"सुई लावायची न्हाय, शालनवैनी! आईचं वरत मोडायचं न्हाय. आई परीक्षा बघतीय."

"बाजूला हो, भिक्या. तुझी आई माझी नणंद आहे, तिच्या परीक्षा मी घेतल्यात." मग डॉक्टरकडे वळून, "सही करते. पण आधी मला आत जाऊ द्या. माणूस बघितल्याशिवाय मी कागदावर अक्षर काढत नाही."

त्यांना प्लॅस्टिकचा झगा चढवला. पहिलं दार, दुसरं दार. आत द्वारका भिंतीला टेकून बसली होती. ओठांना चिरा पडल्या होत्या. जांभळा रंग उतरून कातडी राखेसारखी झाली होती. तिनं डोळे उघडले, आणि पटकन, साध्या माणसासारखी बोलली.

"वैनी? काय झालंय मला? सगळं किती भरभर चाललंय."

शालनबाई खाली बसल्या. गुडघ्यांचं भान राहिलं नाही. बरोबर आणलेला तांब्या त्यांनी पुढं केला. "पाणी घ्या, वन्सं."

"नको. पोट एकदा चालू झालं की मला परत जाता यायचं नाही. आतूनच कळतंय." तिनं मान वळवली. "नका देऊ, वैनी. लई चांगली जागा आहे ती."

तेहतीस वर्षं घशाशी अडकलेलं शालनबाईंच्या तोंडून बाहेर आलं. "माझ्या बोलण्यानं घर सोडलंत ना? मला शिक्षा म्हणून जेवला नाहीत ना?"

"कुठलं बोलणं?"

"कुठलं म्हणजे? चौथ्या भाकरीचं!"

द्वारका खरंच आठवू लागली. कपाळाला आठ्या पडल्या. "नाही बाई आठवत. तुम्ही तर रोजच बोलायचात. त्या दिवशी उन्हाळ्याची खाज सुटली होती अंगाला. म्हटलं डोंगरावरची पांढरी माती लावावी, थंड असते. मडक्यात आंबील उरली होती, त्यातच माती कालवली नि लावली. बरं वाटलं. ऊन आलं की आणखी लावत गेले. मग भूकच लागेना. बसले ती बसलेच. संध्याकाळी घरी येणार होते."

"मग?"

"मग काय. तुम्ही म्हाताऱ्या होऊन आलात."

शालनबाईंना हसावं की रडावं कळेना. एवढी वर्षं ज्या उपासाला त्या स्वतःला मारलेला टोमणा समजत होत्या, त्यात त्यांचं नावसुद्धा नव्हतं. त्यांनी द्वारकेचं डोकं खांद्यावर घेतलं, आणि तेव्हा त्यांच्या नाकाला कळलं.

वास नव्हता.

त्यांनी दंडावरचा लेप हुंगला. मानेवरचा हुंगला. कोऱ्या मातीचा वास. आंबूसपणाचा मागमूस नाही.

*

"भिक्या!" बाहेर येताच त्या गरजल्या. "लेप कशात कालवतोस?"

"चांदीच्या वाडग्यात, वैनी. ट्रस्टनं दिलाय. सगळं जग बघणार, म्हटलं ते काळं, बुळबुळीत मडकं कुठं दाखवायचं? आईच्या मानाला शोभंल असं—"

"आणि आधी?"

"आईच्या मडक्यात. आईनंच सांगितलं व्हतं, मडकं धुवायचं न्हाय, तळाचा लेप ठेवायचा नि त्यातच रोज नवी माती नि धोनाचं पाणी घालायचं." धोन म्हणजे तांदूळ धुतलेलं पाणी.

"आम्ही फक्त माती आणि पाणी ठेवलं," डॉक्टर मध्येच म्हणाली. "रोजचा लेप यंत्रात उकळून घेतो. आधीचा थर पुसून मग नवा लावायचा. जंतू नकोत म्हणून. मडक्यातला जुना लेपही तपासला होता मी. अन्न म्हणावं असं त्यात काही नव्हतं."

शालनबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "एवढ्या शिकलात, बाई. दूध उकळून, चांदीच्या वाडग्यात, विरजण न लावता ठेवलंत, तर दही लागेल का?"

डॉक्टरनं वळून चांदीच्या वाडग्याकडे पाहिलं. 

"तो लेप नाही, विरजण आहे," शालनबाई म्हणाल्या. "जित्तं. रोजच्यातून उद्याचं. माझ्या सासूच्या आंबिलीचं. तुम्ही ते उकळलंत, ह्यानं चांदीत घातलं, वर पुसून काढलंत. मारलंत तुम्ही त्याला, दोघांनी मिळून. एकानं स्वच्छतेपायी, एकानं भक्तीपायी."

"चांदी जंतू मारते," डॉक्टर पुटपुटली. मग एकदम भरभर बोलू लागली, स्वतःशीच बोलल्यासारखी. काही जंतू जांभळे असतात. पानांतला हिरवा रंग ऊन पकडतो, तसा त्यांचा जांभळा रंग पकडतो. उन्हावर ते आम्लं तयार करतात, शरीराला जाळता येतील अशी. ती कातडीतून आत झिरपली तर? घामातून निघणारा क्षार हे त्यांचं खत. माती पहाटेचं दव धरून ठेवते. आणि त्यांच्यातूनच काहीतरी पाझरत असेल, जे शरीराला सांगतं, हळू, हळू, घाई नाही. "अंगभर ऊन, सत्तर कॅलरी... जुळतं! मावशी, जुळतं हे! ते मेले म्हणून ती जागी झाली."

"जुळतंय तर विरजण शोधा. भिक्या, मडकं कुठाय?"

गुरव रडवेला झाला. "फोडलं, वैनी. देवळाच्या टाक्यात सोडणार व्हतो. पण बूड चांगलं व्हतं, म्हणून चिमण्यांना पाणी ठेवलंय त्यात."

देवळामागच्या दगडी गडग्यावर ते खापर होतं. उन्हं थेट त्यावर. आतलं पाणी आटत आलेलं, आणि तळाला बोटभर जाड, मलईसारखी, गर्द जांभळी साय. शालनबाईंनी त्यात बोट बुडवलं आणि डॉक्टर "अहो!" म्हणेपर्यंत जिभेला लावलं. क्षणभर डोळे मिटले.

"आमच्या घरचं आहे," त्या म्हणाल्या.  "सासूबाई गेल्या त्याला चाळीस वर्षं झाली. हात त्यांचाच आहे."

डॉक्टरनं सुईच्या टोकावर एवढंसं घेऊन भिंगाखाली धरलं.  मग बाजूला सरकून तिनं शालनबाईंना डोळा लावायला सांगितला. आत लाखो जांभळे ठिपके, एकमेकांना चिकटून, थरथरत होते.

"जिवंत आहेत," डॉक्टर म्हणाली. "पण मावशी, अंगभर वाढायला वेळ लागेल. लागलंच नाही तर? सलाईन आत्ता लावलं तर ती नक्की वाचेल. वाट बघितली तर नक्की काहीच नाही."

कागद पोलक्यात टोचत होता. शालनबाईंनी काचेतून आत पाहिलं. द्वारकेचं छातीचं हाड वर-खाली होत होतं, भरभर, आपल्या सगळ्यांसारखं. लई चांगली जागा आहे ती, असं ती म्हणाली होती. चाळीस वर्षं लोकांना वाढताना शालनबाईंनी कधी विचारलं नव्हतं की तुला काय हवंय. हवं-नको त्याच ठरवायच्या. तहानलेल्या माणसासमोरचा तांब्या मागं घेण्याचं काम त्यांच्या हातांना ठाऊक नव्हतं.

"उद्या दुपारपर्यंत," त्या म्हणाल्या. "रंग नाही चढला, तर सही करीन आणि तुम्ही सुई टोचाल तेव्हा तिला धरून मी ठेवीन. तोवर कोणी तिच्या तोंडाला काही लावायचं नाही. खालून माझं आंबिलीचं मडकं आणा. धुऊ नका!"

मडक्यात त्यांनी पांढरी माती घातली, ज्वारीच्या पिठाचं पातळ पाणी घातलं, खापरातली साय बोटांनी निपटून कालवली. तापल्या कातळावर मडकं ठेवून भोवती गोधडी गुंडाळली आणि तोंडावर डॉक्टरनं काच ठेवली, ऊन आत जायला. चांगलं आंबल्याचा वास आल्यावर त्यांनी तो लेप स्वतःच्या हातांनी द्वारकेला लावला. पायांच्या बोटांपासून कानांच्या पाळीपर्यंत. नव्या नवरीला न्हाऊ घालावं तसा. आयुष्यात नणंदेच्या अंगावरून त्यांनी फिरवलेला हा पहिला हात.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला तेव्हा डोंगरावर एवढी माणसं होती आणि एकाचाही आवाज नव्हता. पायांवर ऊन आलं. काही नाही. पोटऱ्यांवर आलं. काही नाही. गुरवानं डोळे मिटले. डॉक्टरनं सलाईनची नळी हातात घेतली.

दहाच्या सुमाराला शालनबाईंनी काचेला नाक लावलं. "थांबा," त्या म्हणाल्या.

घोट्याच्या हाडापाशी जांभळाएवढा एक ठिपका होता. बघता बघता तिथं दोन झाले. मग पोटरीवर एक, गुडघ्यावर एक, जणू आतून कोणी दिवे लावत चाललं होतं. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर आला तेव्हा ठिपके एकमेकांना मिळाले, आणि सगळी द्वारका पुन्हा एकदा त्या रंगात न्हाऊन निघाली. पडद्यावर सत्तराचे पन्नास झाले. संध्याकाळी तीस. डॉक्टर जमिनीवर बसून हुंदके देत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

*

एकविसाव्या दिवशी काचघराचं दार उघडलं. मधल्या सहा दिवसांत बातमी जगभर गेली होती. डॉक्टरनं कोपऱ्यात बसून दोन दिवस स्वतःच्या हाताला आणि पाठीला तो लेप लावून पाहिला होता. तिला वाटलं दहा मिनिटं बसले. उठून बघते तर आईचे सोळा फोन येऊन गेलेले आणि सूर्य दुसऱ्याच बाजूला. "भूक जाते, मावशी," तिनं सांगितलं. "पण वेळही जातो. माणसं दिसता दिसता म्हातारी होतात. दुष्काळात, दूरच्या अवकाशप्रवासात कामाला येईल. पण रोज जगायला..."  तिनं त्या दिवशी पावडर घेतली नाही, सरळ पाटावर येऊन बसली.

डोंगरावर दोन तट पडले होते. एक म्हणे, देवीच आहे, जंतूबिंतू काही नाही. दुसरा म्हणे, जंतूच आहेत, बाईचं त्यात काय? दोन्हीकडून घोषणा चालल्या होत्या.

शालनबाई सकाळच्या चहालाच कातळावर जाऊन बसल्या होत्या. द्वारकेचे ठोके पुन्हा नऊवर आले होते. तिचे ओठ हलले.

"वै..." मग बराच वेळ काही नाही. "...नी."

शालनबाई थांबल्या. ज्या बाईनं जन्मात कोणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, ती काठीवर हनुवटी टेकून बसून राहिली. सावली काठीएवढी होती ती वीतभर झाली. "मी," असं आलं. मग एक घार डोंगराला पुरा वळसा घालून गेली. "काय." मग भिकूनं देवळातली आरती सुरू करून संपवली. "आहे?"

खाली देवी-देवी, जंतू-जंतू चाललं होतं. डॉक्टर वही उघडून उभी होती. शालनबाईंनी पदर सारखा केला, द्वारकेच्या जांभळ्या तळव्यावर आपला सुरकुतलेला हात ठेवला, तो उन्हानं उबदार होता, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"वन्सं, तुम्ही देवी नाही, आणि ह्या बाईच्या वहीतला नमुनाही नाही. तुम्ही गुपचूप आंबील पिता असं मी गावभर सांगत फिरले, ते साफ खोटं, आणि तुम्ही उपाशी राहता असं जग म्हणतं, तेही खोटं. ऊन उगवल्यापासून मावळेपर्यंत तुमच्या अंगावर लाखाची पंगत बसलेली असते, तेच रांधतात, तेच वाढतात, तेच भरवतात, आणि शिधा पुरवणारा वर एकटा सूर्य. असं जेवण मला ह्या हातांनी कधी करता आलं नाही, आणि असं जेवणारं माणूस मी बघितलं नाही. आता गप बसा. जेवताना बोलू नये."